झिपरीची दाढ

"डाल्याला कुणी हात लावायचा न्हाई," पोपटकाकाने दम दिला आणि कोंबड्या झाकायच्या मोठ्या डाल्यावर दगडी पाटा ठेवला. "पिसाळलीया ती. शेतातलं राबाचं काम उरकून आलो की पोत्यात घालतो आन् भीमाशंकरच्या रानात सोडून येतो. फुडचं बिबट्या बघंल."

डाल्याखाली झिपरी मांजर होती. बांबूच्या फटीतून तिची लाळ बाहेर गळत होती आणि अंग थरथरत होतं. तीन वर्षांपूर्वी ज्योत्स्नाने तिला गवताच्या गंजीतून काढलं होतं आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. ज्योत्स्ना आणि तिचा धाकटा भाऊ कपिल भोसरीत राहतात, पण मे महिना लागला की तळेघरला काकाकडे आणि फुलाआत्याकडे येतात. ज्योत्स्ना वर्षभर या सुट्टीची वाट बघते ती झिपरीसाठी.

ती काकाच्या पुढ्यात आडवी झाली, रडली, हातापाया पडली. काहीही उपयोग झाला नाही. काकाने ओळखीच्या एका खताच्या दुकानदाराला फोन केला होता. लाळ गळते, लटपटते, खात नाही, एवढं ऐकून त्याने तिकडूनच निकाल दिला होता. वाडीतल्या माणसांनी माना डोलावल्या. एकानेही वाकून त्या जनावराकडे बघितलं नाही. मोठी माणसं घाईत असली की असंच करतात, आणि वर त्याला अनुभव म्हणतात.

काका शेताकडे निघून गेला. अंगणात राहिली तीन पोरं. ज्योत्स्ना, कपिल आणि शेजारची आरोही.

कपिल म्हणाला की डालं उचलू, तिला दप्तरात घालू आणि पळू.

"आणि खरंच पिसाळलेली असली तर?" ज्योत्स्नाने डोळे पुसले. "चावली तर मरशील, येड्या. शाळेत सांगितलंय ना. हात नाही लावायचा. नुसतं बघायचं. कुणीच बघितलेलं नाहीये, आपण बघू."

म्हणून तिघं हातभर लांब बसली आणि बघत राहिली.

ज्योत्स्नाला आठवलं, आल्या दिवसापासून झिपरी सुकट तोंडात घ्यायची आणि टाकून द्यायची. मान वाकडी करून एकाच बाजूने चावायची. जवळ आली की तोंडाचा घाण वास यायचा. आत्ताही ती पुढचा पंजा सारखा डाव्या गालावर घासत होती. हे दुखणं जुनं होतं. थरथर मात्र कालची.

"ताई, लाळ बघ," कपिल म्हणाला. "काळी का आहे?"

खरंच, शेणाने सारवलेल्या जमिनीवर काळपट डाग पडले होते. आरोहीने एक काडी लांबून त्यात बुडवली, नाकापासून दूर धरून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा तर आमच्या आईच्या बोटाचा वास. मिशरी हाये ही."

तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा आणि बोटाने दातांना घासायचा. त्या वाडीत सगळ्या बायका मिशरी लावतात. पण मांजर कशाला लावेल?

तिघांनी एकदम घराकडे बघितलं. फुलाआत्या उंबऱ्यात बसली होती. सकाळपासून ती गप्प होती, झिपरीकडे एकदाही फिरकली नव्हती. आणि आत्ता ती मिशरी लावत होती, डाव्या हाताने. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. सकाळी तिने सांगितलं होतं की विळा लागला.

"विळा उजव्याच हातात असतो की," ज्योत्स्ना पुटपुटली. "मग लागला तर डाव्याला लागेल."

ती उठली आणि सरळ आत्यासमोर जाऊन बसली. तिने नुसतं ते चिंधीचं बोट धरलं. आत्याने हात ओढून घेतला आणि पदर तोंडाला लावला.

"दाढ दुखत व्हती गं तिची," आत्या हुंदके देत म्हणाली. "हिरडी लालभडक व्हती, म्या बघितली. माझी दुखती तवा मी मिशरीच दाबती. म्हनून तिला बी लावली. काल सकाळी, सांच्याला आन् आज पहाटं परत. आज चावली. पोपटला कळलं असतं तर त्यानं तिथंच काठी घातली असती तिला. म्हनून म्या विळा सांगितला."

आरोही म्हणाली की तिच्या मामाच्या लहान पोराने एकदा तंबाखूची पुडी तोंडात घातली होती. त्यालाही अशीच लाळ सुटली होती आणि तोही असाच लटपटत होता. त्याला रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

आता गोष्ट दुप्पट भयंकर झाली. झिपरीच्या पोटात विष गेलं होतं. ती पिसाळलेली नव्हती असंही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं, आणि ती आत्याला चावली होती. झिपरी रानात गेली तर ती मरणार. आणि आत्याचं काय होणार हे कुणालाच कळणार नाही.

"काकाला सांगू या," कपिल म्हणाला.

"सांगून बघितलं की सकाळी," ज्योत्स्ना म्हणाली. "ऐकला का तो? दवाखान्यात न्यायचं. दोघींना. काका यायच्या आत."

दुपारचं एकच वडाप होतं, भरतदादाची जीप, घोडेगावला जाणारी. आरोही रस्त्याकडे पळाली. कपिलने गोठ्यातून पत्र्याचा तुकडा आणला. काठीने ढकलत ढकलत त्यांनी तो डाल्याखाली सरकवला आणि डालं आणि पत्रा सुंभाने गच्च बांधला. कुणाचंही बोट आत गेलं नाही. आतून झिपरीचा एवढासा आवाज आला. तो ऐकून ज्योत्स्ना शेवटची गाठ अर्धी टाकून फटीतून बघायला वाकली. गाठ कपिलने मारली.

भरतदादा आधी नाहीच म्हणाला. पिसाळलेलं मांजर जीपमध्ये? बाकीचे पाशिंजर उतरायला लागले. आरोही जीपच्या पुढे उभी राहिली आणि हलेना. तेव्हा फुलाआत्याने चिंधी सोडून बोट त्याच्यापुढे धरलं. "भरत, मला चावलंय. नेतो का हितंच मरू?"

डालं जीपच्या टपावर चढलं.

कपिल मात्र मागे राहिला. कुणीतरी राहायला हवंच होतं. नाहीतर मोकळं अंगण बघून काका मोटारसायकलवर जीपच्या मागे सुटला असता. कपिलने दुसरं डालं आणलं, त्याखाली खुडूक कोंबडी कोंडली आणि वर पाटा ठेवला.

काका आला तो पोतं आणि काठी घेऊनच. सगळी वाडी लांबून बघत होती. काकाने पाटा ढकलला, डालं काठीने उलथलं आणि डोळे मिटून पोतं टाकलं. पोत्याखालून कोंबडी कलकलाट करत निघाली आणि काकाच्या पायांतून पळाली. काका "चावली, चावली!" ओरडत ओट्यावर चढला. वाडी खो खो हसली. कपिल नाही हसला. त्याने काकाला जे होतं ते सांगितलं आणि मार खायला उभा राहिला. काकाचा हात वर गेलाही, पण आत्याचं नाव ऐकून तो तसाच थांबला. मग त्याने मोटारसायकल काढली आणि कपिलला मागे बसायला सांगितलं.

घोडेगावात कल्याणी मॅडम जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आधी आत्याचं बोट साबणाने खळखळून धुवायला लावलं आणि भरतदादाबरोबर तिला माणसांच्या दवाखान्यात इंजेक्शनला पाठवलं. मग जाड हातमोजे घातले, झिपरीला गुंगीची सुई दिली आणि ती निपचित पडल्यावर तिचं तोंड उघडलं. आत्यानंतर तिच्या तोंडात बघणारं ते पहिलंच माणूस.

"डावी दाढ तुटलेली आहे. खाली पू साठलाय," मॅडम म्हणाल्या. "दुखणं याचंच. आणि ही थरथर तंबाखूची असावी. मांजराला तंबाखू म्हणजे विष."

"वाचेल ना?"

"माहीत नाही. खोटं सांगणार नाही तुला."

सलाईन लावलं. ज्योत्स्ना पिंजऱ्याबाहेर फरशीवर बसली. आरोही तिला टेकून बसली. काका आणि कपिल आले तेव्हा दोघी तशाच होत्या, आणि झिपरीचं पोट हलतंय की नाही ते कळत नव्हतं. काका काहीतरी बोलायला गेला. मॅडमनी त्याला बाहेर नेलं. मांजर रानात टाकलं असतं तर ते पिसाळलेलं होतं की नाही हे कधीच कळलं नसतं, ते जिवंत आणि डोळ्यांसमोर असेल तरच कळतं, हे त्यांनी त्याला चांगलंच समजावलं असावं. तो आत आला तो खाली बघतच.

संध्याकाळी झिपरीने एक पाय लांब केला. मग डोळे उघडले. थरथर थांबली होती. ज्योत्स्ना तेव्हा जी रडायला लागली, ती थांबेचना.

झिपरीला पुढे बरेच दिवस पिंजऱ्यात ठेवून तिच्यावर नजर ठेवली. ती पिसाळलेली नव्हती. मॅडमनी तिची दाढ काढली आणि लसही टोचली. आत्याची इंजेक्शनंही पूर्ण झाली. मॅडमनी ज्योत्स्नाला आणि आत्याला झिपरीचे दात स्वच्छ करायला शिकवलं. मऊ ओलं फडकं बोटाला गुंडाळायचं आणि हळू हळू बाहेरून पुसायचं, रोज. माणसांची पेस्ट नाही, मीठ नाही, मिशरी तर मुळीच नाही. आणि तोंडाला वास यायला लागला, की थांबायचं नाही, डॉक्टरकडे आणायचं.

घरी आणल्या दिवशी वाडी अंगणात जमली. काका सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरांनी बघितलं म्हनून निभावलं. आमी मोठ्यांनी न बघताच मारली व्हती तिला. शाबास रं." आरोहीच्या आईने तिघांच्या तोंडात गूळ घातला.

काकाने खाली बसून झिपरीपुढे हात केला. झिपरीने कान पाडले, फिस्कारली आणि ज्योत्स्नाच्या मागे जाऊन बसली.

"येवढ्यात नाही यायची ती," ज्योत्स्ना म्हणाली. "रोज बसावं लागेल, काका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका परत तिथंच येऊन बसला.