दुष्काळातली बुरशी

"झाकायची का घालवायची?"

काउंटरमागच्या त्या पोरानं असं विचारलं, की मी बघतच राहिले. धारूरच्या बाजारात चुना-रंगाच्या दुकानात मी आले होते एक डबा रंग न्यायला. आमच्या आतल्या खोलीची भिंत बुरशीनं काळी पडली होती आणि पंधरा दिवसांनी मला पाहायला पाहुणे यायचे होते. एवढंच तर सांगितलं होतं मी!

"तुमाला काय करायचंय? रंग द्या," मी फणकारले.

"देतो की. पण बुरशी, अन् ती बी असल्या दुष्काळात? आमच्या वाडीला या एकदा. भिंतीला लागायचं सोडा, प्यायला ओल न्हाई." आणि तो हसला... गालावरच्या चुन्याच्या पट्ट्यासकट.

सोमलिंग त्याचं नाव. दुकान त्याच्या मामाचं. घर कुठलं ते विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बुरशी घालवायला ब्रश, धुण्याचा सोडा आणि चुन्याची बादली घेऊन स्वारी आमच्या दारात हजर.

माझे वडील, नागप्पा, गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचा पाण्याचा टँकर आठवड्यानं यायचा आणि मधल्या दिवसांत गावात पाण्याच्या चोऱ्या व्हायच्या. म्हणून आमची पिंपं आतल्या खोलीत, भिंतीला चिकटून. खिडकीला पोती ठोकलेली, दाराला कुलूप. आईचे दागिने साध्या ट्रंकेत आणि पाणी कुलपात, असा आमचा कारभार!

"असं कोंडून घातलं की पाणी भिंतीवर चढणारच," सोमलिंग म्हणाला. "पिंपं हातभर अलीकडं घ्या, इटावर ठिवा, झाकणं घट्ट लावा. अन् खिडकी उघडा."

"चोर आले म्हंजे?"

"मी येतो की राखणीला."

स्वयंपाकघरात आई खाकरली. बुरशी खरवडताना नाकातोंडाला फडकं बांधायचं, हे त्यानंच सांगितलं होतं. बरं झालं, माझं हसू त्यात लपलं.

आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, म्हणजे बुरशी उडत नाही. मग तारेचा ब्रश, मग सोड्याचं पाणी. मला आपली घाई, "मारा की आता चुना."

"वाळू द्या. आत ओल ठिवून वरनं रंग दिला, तर महिन्यात परत डोकं काढती."

मग तो रोज यायचा. भिंतीला पालथा हात लावायचा, मान हलवायचा, "अजून ओल हाय—" आणि चहा पिऊन जायचा. भिंत कधीच वाळली होती. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मार्गशीर्षातलं ऊन त्या उघड्या खिडकीतून आत यायचं, आणि मी उगाचच वेणी दोनदा घालायचे.

शेवटी पाहुणे परवावर आले, तेव्हा त्यानं चुना दिला. खोली लख्ख झाली. तो ब्रश धूत होता. मी धीर केला.

"तुमच्या वाडीत एखादं चांगलं स्थळ हाय का हो?"

त्याचा हात थांबला. "हाय... पण पाणी न्हाई."

"म्हंजे?"

"हीर खाली दरीत हाय. माझ्या आईचं डोकं बघा कवा. हंडा वाहून वाहून मधोमध केस गेलेत." तो माझ्या वेणीकडं बघत होता. "आमच्या वाडीला कुणी पोरगी देत न्हाई. अन् खरं सांगू का... म्या बी मागणार न्हाई."

मला असा संताप आला! "डोकं माझं हाय. मला इचारा की!"

"इचारलं तर तुमी हो म्हणाल. म्हणून तर इचारत न्हाई."

बादली उचलून तो गेला. पैसेसुद्धा न घेता.

पाहुणे आले, पांढरी भिंत पाहून खूश झाले. माणसं माजलगावकडची, कालव्याकाठची. "पोरीनं नशीब काढलं, पाण्याच्या घरात पडली," म्हणून वडिलांनी सोसायटीत पेढे वाटले. मी काय सांगणार होते? ज्यानं मागितलंच नाही, त्याच्यासाठी कशी अडून बसणार होते?

इथं खरंच सगळं आहे. दारात नळ, परसात विहीर, नवराही मायाळू. हंड्याला माझं डोकं माहीत नाही. केस अजून कंबरेपर्यंत आहेत, आणि वेणी घालताना अजून त्याचा राग येतो. आयुष्य माझं, ओझं माझं, आणि ठरवून मोकळा झाला तो. मी उचलला असता हंडा. रोज उचलला असता.

परवा कपाट सरकवलं, तर मागची भिंत काळीभोर. सासूबाई म्हणाल्या, वरनं रंग मारून टाकू. मी फडकं बांधलं, पुसलं, घासलं, सोड्यानं धुतलं, खिडकी सताड उघडली. हे दारात उभे राहून कौतुकानं बघत होते.

"एवढं कुठं शिकलीस गं?"

"दुष्काळात."

"दुष्काळात कुठली आली बुरशी!" हसत हसत ते विहिरीवरची मोटार बंद करायला गेले.

मी भिंतीला पालथा हात लावला. अजून ओल होती.