क्रीमला तडा जाता कामा नये

वर्कशॉपसमोरच्या गतिरोधकावरून एक छोटी पांढरी गाडी उतरली, आणि तिच्या पोटातून असा काही आवाज आला की स्प्रिंगताईने हातातला पाना खाली ठेवला. गाडी थांबली. आतून एक उंच तरुण उतरला, त्याने मागचं दार उघडलं आणि देवासमोर उभं राहावं तसा नुसता उभा राहिला — फक्त हात जोडायचे विसरून.

ती जवळ गेली. आत तीन मजली केक होता. म्हणजे... होता. वरचा मजला आता तळमजल्यावर राहायला आला होता.

"लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा," तो म्हणाला. "पन्नास वर्षं टिकलं, आणि तुमच्या दाराशी मोडलं!"

"माझ्या दाराला बोल लावू नका." तिने वाकून चाकावरच्या फटीत बोटं घातली. "स्प्रिंग कुणी कापल्या?"

तो चपापला. "वळणावर गाडी झुलायची हो, केक कलायचा. एकजण म्हणाला, गाडी खाली घ्या. त्याने प्रत्येक स्प्रिंगचं दीड वेटोळं कापून दिलं. आता झुलत नाही."

"हो, आता उड्या मारते! बाही लांब झाली तर कापावी. स्प्रिंग कापली की उरलेली निगरगट्ट होते. वाकायचं विसरते बिचारी."

आता ही स्प्रिंगताई कोण, तर वडिलांच्या वर्कशॉपमध्ये पाने वाजवतच मोठी झालेली लेक. गुडघे धरल्यापासून वडील खुर्चीत बसून फक्त कानाने गाड्या तपासत, आणि हाताचं सगळं काम ती करी. सगळा परिसर तिला स्प्रिंगताई म्हणे. या केकवाल्याने मात्र पहिल्या दिवसापासून 'अहो मिस्त्री' सुरू केलं. 'ताई' म्हणायला त्याची जीभ रेटेना, आणि ती का रेटत नाही हे खुर्चीतल्या वडिलांना तिच्याआधी कळलं.

"शनिवारी अकराला टेकडीवरच्या हॉलमध्ये चार मजली केक न्यायचाय," तो म्हणाला. "त्यांच्याकडे एकदा मोडका पोचवून झालाय. पुन्हा मोडला तर हॉल चालवणाऱ्या बाई मला दारात उभं करणार नाहीत, आणि माझी बेकरी त्या हॉलवरच चालते."

"नाही मोडणार. क्रीमला तडासुद्धा जाणार नाही," ती म्हणाली. "शब्द माझा."

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर स्प्रिंगचे तीन जोड मांडले. त्याचं बोट थेट सर्वांत बुटक्या, लाल स्प्रिंगवर गेलं.

"ही! गाडी कसली झोकात दिसेल!"

"दिसायला राजबिंडी, बसायला शिक्षा. पाच सेंटिमीटर खाली याल आणि प्रत्येक खडा मोजाल." तिने करड्या रंगाची एक उचलली. "ही फक्त अडीच सेंटिमीटर उतरवते. आणि बघा, एका टोकाला वेटोळी दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. बारीकसारीक धक्क्यांकडे कानाडोळा करते, वजन एका बाजूला आलं की ताठ उभी राहते. शहाण्या सासूसारखी."

"आणि सून?"

"सून म्हणजे हा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. स्प्रिंग उसळली की हा तिला शांत करतो. नव्या स्प्रिंगला जुना, थकलेला दिला तर संसार चालत नाही. जोड जुळावी लागते."

"जुळते का हो... अशी पटकन?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो स्प्रिंगकडे पाहत होता. म्हणजे, पाहत असल्यासारखं करत होता.

"आधी वजन सांगा," ती म्हणाली. कान उगाचच गरम झाले होते. "केकचं!"

मग तो रोज यायचा. कधी केकच्या वजनाएवढी मैद्याची पोती घेऊन, कधी चाचणीचा केक घेऊन. जुन्या स्प्रिंगांवरच तो गाडी चालवी आणि ती मागे केकशेजारी बसून कुठल्या धक्क्याला क्रीम कुठे फाटतं ते खडूने दारावर लिहून ठेवी. फाटलेला केक मग दोघं उभ्याउभ्याच संपवत. वर्कशॉपमध्ये ऑइलच्या वासात व्हॅनिलाचा वास असा मिसळून गेला, की वडील म्हणाले, "पोरी, गिऱ्हाइकं गाड्या सोडून बशा घेऊन यायची."

शुक्रवारी दुपारी तिने स्प्रिंग बसवायला घेतल्या. गाडी लिफ्टवर, खाली ती, आणि शेजारी टॉर्च धरून तो. काम संपत आलं, तेव्हा तिच्या कपाळावर ग्रीस लागलं. त्याने खिशातून स्वच्छ रुमाल काढला, क्षणभर थबकला... आणि अलगद पुसलं. ती बोल्ट आवळत राहिली.

मग चाचणी झाली. गाडी वळणावर जरासुद्धा कलली नाही. पण छोट्याशा खड्ड्यात — खाड्! क्रीमवर केसाएवढी रेघ उमटली.

"नव्या आहेत," ती घाईने म्हणाली. "शंभरेक किलोमीटरने बसतील जागेवर."

"तुम्ही म्हणता म्हणजे बसतीलच. उद्या हळू जाईन मी." तो हसला आणि निघून गेला.

काम संपलं होतं. आता त्याने इथे यावं तरी कशाला? हात धुताना तिला तेच सलत होतं, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"बुशचे बोल्ट कुठे आवळलेस? खाली, की वर लिफ्टवर?"

तिच्या हातातला साबण निसटला.

चाकाच्या दांड्यांना रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या भारानिशी उभी असतानाच आवळायचे. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळवटतं आणि स्प्रिंग कितीही गुणी असली तरी गाडी धक्केच देते. हा धडा ती साऱ्या मिस्त्र्यांना देत आली होती!

"बाबा... मी कधीच असं करत नाही."

"माहितेय. म्हणूनच विचारलं." वडिलांनी डोळे मिटले. माणूस गालात हसताना मिटतो, तसे.

आता गप्प बसणं सोपं होतं. तो हळू गेला असता, कदाचित पोचलाही असता, आणि तिचं नाव शाबूत राहिलं असतं. पण कदाचितच्या भरवशावर दुसऱ्याची भाकरी सोडायची? शनिवारी सकाळी सातला ती पाने आणि लाकडी ठोकळे घेऊन बेकरीच्या दारात हजर झाली.

तो पिठाने माखला होता. "मिस्त्री? इतक्या सकाळी?"

"गाडी बिघडलीय. म्हणजे, मी बिघडवलीय. स्प्रिंगचा दोष नाही. बोल्ट मी चुकीच्या वेळी आवळले, आणि वर तुम्हाला थाप मारली."

"तुम्ही? चुकलात? कशा?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

ती ठोकळ्यांकडे पाहत राहिली. मग एका दमात म्हणाली, "टॉर्च धरणाऱ्याकडे होतं."

आत भट्टीची घंटा वाजली. तो हललाच नाही.

"पाव करपतील," ती म्हणाली.

"करपू देत."

"करपू देत काय! आधी पाव काढ, मग मैद्याची पोती टाक मागे. चारही चाकं ठोकळ्यांवर चढव!"

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ती गाडीखाली शिरली, सगळे बोल्ट सैल केले, त्याला मागून गाडी चार वेळा दाबायला लावली, आणि ती आपल्या भाराने नीट बसल्यावर एकेक बोल्ट आवळला. मोजून. दोनदा तपासून.

टेकडीच्या रस्त्यावर अकरा वळणं होती आणि खड्ड्यांची तर गणतीच नव्हती. ती मागे केकशेजारी बसली होती, श्वास रोखून. गाडी वळणात शिरे आणि सरळ बाहेर येई. खड्डा येई आणि पायाखालून हलकेच निघून जाई. साखरेचं एक फूलसुद्धा थरथरलं नाही.

हॉलच्या बाई चष्मा लावून केकभोवती दोन फेऱ्या मारून आल्या. तडा शोधत होत्या, सापडला नाही. मग त्यांची नजर ग्रीसने माखलेल्या मुलीवर गेली.

"आणि ही कोण?"

"ही..." तो अडखळला. "ही माझी... म्हणजे अजून नाही. मी विचारलेलं नाहीये तिला."

बाईंनी चष्मा काढला. केकपाशी उभ्या असलेल्या वाढप्यांचे हात थांबले.

"मग विचार की," ती म्हणाली. "मी काय पुढच्या खड्ड्याची वाट बघू?"

त्याने विचारलं. आणि पिठाचा हात ग्रीसच्या हातात असा काही बसला, की बाईंनी टाळ्या वाजवल्या त्या केकसाठी नव्हत्या.