मधल्या खोलीतला श्वास

"आमच्या अण्णांच्या घरावर चार फूट बर्फ, आणि वरून पाऊस! ओला बर्फ म्हणजे छपरावर हत्ती बसवल्यासारखं," हेमांगी बावळेकर म्हणाली.

पाचगणीच्या हिमभार प्रयोगशाळेत भिंतभर पडद्यावर महाबळेश्वरची दोनशे घरं दिसत होती. पृथ्वी गार करायला आकाशात सौरपडदा ताणला, आणि इथं हिवाळ्यात बर्फ पडू लागला. घरं सगळी पावसासाठी बांधलेली, बर्फाचं ओझं त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! म्हणून हेमांगीनं उबजाळं बनवलं. कौलांखालच्या तारा तापल्या की तळचा बर्फ सुटून घसरतो.

"मग सगळंच छप्पर का नाही तापवत?" डॉ. बेहराम इराणींनी विचारलं. ते इथं आठवड्यापूर्वीच रुजू झाले होते.

"बॅटरी एका खोलीपुरतीच पुरते, सर. म्हणून जाळं श्वास शोधतं. माणूस तासाला पस्तीस-चाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो जिथं सगळ्यांत दाट, तीच एक खोली धरायची आणि वाचवायची. बाकीचं घर गेलं तरी चालेल."

पडद्यावर अण्णांच्या घराखाली अक्षरं होती : मधली खोली, एक माणूस, सुरक्षित.

आईला जाऊन सहाच दिवस झाले होते. वादळाचा इशारा आला म्हणून हेमांगी तिसऱ्या दिवशीच परतली. आत्या वाट्टेल ते बोलली. अण्णांनी मात्र तिची पिशवी भरून दिली. आज सकाळी फोन लागला तेव्हा तिनं बजावलं, "मधल्या खोलीतच राहा हं, अण्णा."

"बरं गं बाई. तू जेवलीस का?" एवढ्यात लाइन तुटली.

मदतगाडी एकच होती. "आधी वडिलांकडे पाठव," इराणी म्हणाले.

"नको. अण्णा जाळ्याखाली आहेत. जंगमांच्या घरात जाळंच नाही, आणि तान्हं मूल आहे."

बारा वाजता पडदा लाल झाला. अण्णांच्या घराची पुढची खोली कोसळली होती. खाली मात्र तीच अक्षरं होती : मधली खोली, एक माणूस, सुरक्षित.

"वाचले हो!" हेमांगी रडली, हसली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर चहा प्यायली.

तीन वाजता श्वासाची रेघ खाली उतरू लागली. "झोप लागली असेल," ती म्हणाली. मग रेघ शून्यावर गेली. गाडी जंगमांच्या मुलाला सोडून नुकतीच परतली होती. दोघं धावतच तिच्यात चढले.

मधल्या खोलीचं एक कौलसुद्धा हललं नव्हतं. आत कुणीच नव्हतं. आई गेली त्या जागी पीठ पसरलेलं, त्यावर तीन जाड वातींचा दिवा, विझलेला. अण्णा पुढच्या खोलीत, बर्फाखाली सापडले. शेजारी तेलाची बुधली होती.

"तेरा दिवस दिवा तेवत ठेवायचा," हेमांगी कशीबशी म्हणाली. "पीठ मोडू नये म्हणून त्या खोलीत कुणी बसत नाही, दार लावूनच ठेवतात. ते फक्त तेल घालायला आत जायचे."

इराणी वातींकडे बघत राहिले. "तीन जाड वाती. तासाला पस्तीस ग्रॅम. म्हणजे एक माणूस."

"हो." हा दिवा तिच्या डोळ्यांदेखत लागला होता. देवघरातली एका वातीची निरांजनं तिनं चाचणीत शंभरदा तपासली होती. मेलेल्या माणसाचा दिवा प्रयोगशाळेत आणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. अशुभ ना! अण्णा गेल्यावर तीन तास ती त्यांच्या नावानं तेल जळताना बघत होती, आणि चहा पीत होती.

वादळ ओसरल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना निरोप दिला. पुढच्या खोलीत दिवा ठेवायला जागाच उरली नव्हती. आत्यानं अण्णांचा तीन वातींचा दिवा मधल्या खोलीत, आईच्या दिव्याशेजारी ठेवला, दोन्ही दिव्यांत तेल घातलं आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं हेमांगीच्या खिशातलं जाळ्याचं यंत्र वाजलं. तिनं ते काढून वाचलं.

मधली खोली, दोन माणसं, सुरक्षित.