पडद्याअलीकडची दुसरी

पटो अगर न पटो, हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या इमारतीत.

मावशी व्हायोलिन वाजवते. मोठ्या वाद्यवृंदात कायमची जागा मिळवायची, हा एकच ध्यास. त्यापायी घरातली लग्नं हुकली, मैत्रिणी तुटल्या. उरली बंद खोली आणि रियाज. आजी चिडून म्हणायची, "भिंतींशीच संसार थाटलास की काय गं?"

शेवटी निवडचाचणीचं बोलावणं आलं.

हॉलमध्ये मधोमध जाड पडदा. पलीकडे परीक्षक. कोण वाजवतंय ते दिसू नये, वशिला चालू नये, म्हणून. अलीकडे फक्त एक खुर्ची.

मावशी वाजवू लागली. मधेच एक सूर घसरला...

ती थांबली.

पलीकडून एका बाईंचा त्रासिक आवाज आला. "एकेकट्यानं यायचं असतं. दोन व्हायोलिनं कशी ऐकू येताहेत?"

"मी एकटीच आहे."

कुजबुज झाली. मग त्याच बाई म्हणाल्या, "असू दे. पहिलीनं थांबावं. दुसरीला वाजवू दे."

मावशीने मागे वळून पाहिलं.

दार बंद. कुणी नाही.

तिने व्हायोलिन मांडीवर ठेवलं...

आणि काहीच झालं नाही. नुसती शांतता. तिला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

बराच वेळ गेला...

मग पडद्यापलीकडे कुणीतरी हुंदका आवरला.

"वा!" एक म्हातारा आवाज म्हणाला. "हीच हवी आपल्याला."

पडदा सरकला. परीक्षकांचे डोळे ओले होते. ते मावशीकडे पाहत होते, मग तिच्या शेजारी, मग दाराकडे.

"त्या कुठे गेल्या?"

मावशीने व्हायोलिन पेटीत ठेवलं.

नोकरी तिलाच मिळाली. पडद्याअलीकडे दुसरं होतंच कोण?

सगळे म्हणतात, पोरीनं नाव काढलं. मला मात्र ती एकदा हळूच म्हणाली, "त्या दिवसापासून मला सगळ्यांचं वाजवणं ऐकू येतं रे. माझंच तेवढं येत नाही."

मी तिच्या कार्यक्रमांना जातो. ती सुरेख वाजवते. लोक रडतात.

टाळ्या सुरू झाल्या की मावशी उठते... आणि किंचित बाजूला सरकते.

कुणाला तरी पुढे यायला वाट द्यावी, तशी.