माणक्याची पाहुणी

माणक्यासाठी आणलेली मुलगी माणक्याच्याच जातीची आहे का? आजपासून पन्नासेक वर्षांनंतरचं, चिखलदऱ्याच्या काचबागेत (काचेच्या छपराखालच्या बागेत) पडलेलं हे कोडं. खरं सांगायचं तर ते सोडवायची कुणालाच घाई नव्हती.

माणक्या म्हणजे अंगठ्याएवढा हमिंगबर्ड. जात माणिककंठी (माणकासारखा लाल गळा असलेली). अमेरिकेतली त्यांची रानं उजाड झाली, तेव्हा उरलेले पक्षी जगभरच्या काचबागांनी सांभाळायला घेतले. आता या जातीचा एकटा माणक्याच उरला होता. मग मेक्सिकोत एक मादी सापडली आणि ती इकडे पाठवली, तेव्हा शाल्मलीच्या आबांनी, म्हणजे तिचे आजोबा, पक्षिशास्त्रज्ञ विश्राम घारपुरे यांनी, थाटात बघण्याचा कार्यक्रम ठरवला. पोह्यांऐवजी साखरपाणी.

"पाठ हिरवी, पोट मळकट पांढरं, शेपटीची टोकं पांढरी. मुलगी पसंत," चौकस म्हणाला. हा बागेतला यंत्रमानव. त्याला थट्टा आबांनीच शिकवलेली.

"पण कृष्णकंठी (काळ्या गळ्याच्या) जातीची मादीही अशीच दिसते ना?" शाल्मलीने विचारलं. "नर लगेच ओळखू येतात. एकाचा गळा लाल, दुसऱ्याचा काळा आणि खाली जांभळा पट्टा. माद्यांना तसलं काही नसतं. आबा, रंगावरून जमलं नाही की वागणं बघावं, असं तुम्हीच सांगितलंत."

माणक्या फुलासमोर हवेत एका जागी थांबून रस पीत होता. शेपटी जवळजवळ स्थिर. शेजारच्या फुलावर पाहुणी. तिची शेपटी सारखी वरखाली, वरखाली.

रस पिताना अशी शेपटी हलवतात ते कृष्णकंठी, हे शाल्मलीला ठाऊक होतं. गप्प बसावं असं तिला फार वाटलं.

"आबा, तिची शेपटी थांबतच नाही."

"कालच पाहिलं मी," आबा हळूच म्हणाले. "आणि चष्मा पुसत बसलो. पण एकाच खुणेवर निकाल देऊ नये. पीस बघू."

चौकसने पंखाचा फोटो मोठा केला. सगळ्यात बाहेरचं पीस माणिककंठीचं अरुंद असतं, कृष्णकंठीचं रुंद आणि टोकाला बोथट. हे रुंद होतं.

"तरी जोडी लावली तर?" शाल्मलीने आबांना विचारलं.

"पिल्लं होतीलही. पण ती संकर (दोन जातींची मिसळ) असतील. माणिककंठी जात काही त्यातून वाचणार नाही. आणि उटीच्या बागेत कृष्णकंठीचे शेवटचे नर आहेत, मादी एकही नाही. हिला ठेवून घेतलं, तर त्यांचीही जात बुडेल."

शाल्मली रडली. आबाही रडले, आणि त्यांनी ते लपवलं नाही. पाहुणीची पेटी दुपारी उटीला निघाली.

"आता माणक्याचं काय?"

"काही नाही गं, बाळा. तो असेपर्यंत शोधत राहू."

महिन्याभराने उटीहून फोटो आला. अर्ध्या अक्रोडाएवढं घरटं आणि त्यात उघडलेल्या दोन चिमुकल्या चोची.

"ही पिल्लं तुझ्यामुळे," आबा म्हणाले.

"माणक्यामुळे," शाल्मली म्हणाली. "त्याच्यासाठी आलेली पाहुणी त्यानेच सोडली ना."