पिंकीचं बंद खुराडं

"रविवारी सगळ्या कोंबड्या चिकनच्या दुकानात," मोतीरामकाकांनी चहा पिता पिता जाहीर केलं, आणि वेदिकाच्या हातातली खारी कपात पडली.

नाताळच्या सुट्टीत ती आणि धाकटा महेश इंदिरानगरला काकांकडे यायचे ते केवळ परसातल्या कोंबड्यांसाठी, त्यातही वाकड्या तुऱ्याच्या पिंकीसाठी. आता सगळ्या शिंकत होत्या आणि अंडी बंद झाली होती. रोग आलाय, असं काकांचं मत होतं. काकांकडे मतं फार. गावाकडे द्राक्षबाग असल्यामुळे जगातला प्रत्येक जीव द्राक्षासारखाच सांभाळायचा, अशी त्यांची समजूत होती. थंडी पडताच त्यांनी बागेवर घालायचा प्लास्टिकचा कागद आणून खुराडं चहूबाजूंनी, फटही न ठेवता, गुंडाळून टाकलं होतं. वर येणाऱ्याजाणाऱ्याला ही हुशारी दाखवायचे.

मुलं शेजारच्या अरफाला घेऊन खुराड्यात शिरली. आत डोळे चुरचुरत होते. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलंचिंब होतं. पाऊस नव्हता, नळ गळत नव्हता, पाण्याचं भांडंही सांडलेलं नव्हतं. काकांना विचारलं, तर म्हणाले, कोणीतरी जळून पाणी ओतत असणार. असला शोध लावायला मोठं माणूसच लागतं!

अरफाने कागदावर आतून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"कोंबड्यांच्याच श्वासाचं पाणी आहे हे," ती म्हणाली. "गाडीच्या काचा बंद ठेवल्या की आमच्याकडे पण अस्संच होतं."

महेशने काकांना हे सांगितलं. कोंबड्यांना पिसं असतात, थंडी त्या सोसतात, पण ओल आणि कोंडलेली हवा त्यांना सोसत नाही, असंही सांगितलं. काकांनी त्याला अभ्यास कर म्हणून हाकललं.

मग वेदिका गोड आवाजात म्हणाली, "काका, पार कोपऱ्यात अंडं दिसतंय. आमचा हात पुरत नाही."

फुकटच्या अंड्यासाठी काका वाकून आत शिरले. महेशने कडी लावली. थोड्याच वेळात खोकला ऐकू आला, मग कागदावर थापा.

"दार उघडा! जीव गुदमरतोय!"

"नको काका," वेदिका म्हणाली, "थंडी बाधेल तुम्हाला."

आरडाओरडा ऐकून मोहिनीकाकू धावत आल्या. त्यांनी कडी काढली. लालभडक डोळ्यांचे काका बाहेर पडले, टकलावर पाणी टपकलेलं. काकू पोट धरून हसल्या आणि त्यांनीच कात्री आणून छपराखालचा कागद कापला. वारा लागतो तिकडचा खालचा तेवढा ठेवला. मुलांनी ओलं तूस काढून कोरडं जाडसर पसरलं.

रविवारी दुकानवाल्याला काकूंनी रिकाम्या हाताने परत पाठवलं. शिंका थांबल्या, आणि सुट्टी संपायच्या आत पिंकीने अंडं दिलं.

"या घरात अक्कल असलीच तर ती तुम्हा तिघांकडे आहे," असं म्हणून काकूंनी ते वेदिकाच्या हातात ठेवलं.

फाटकापाशी काका शेजाऱ्यांना समजावत होते, कोंबडीला हवा लागते, पण ते अनुभवानेच कळतं. मुलांनी ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.