कळीला नकोशी गोळी

२०७४ साल. सूतगिरणीत नोकरी हवी असेल तर बाईच्या दंडात कळी हवीच. बाई गरोदर राहिली की साचा बंद पडतो म्हणे! कातडीखालची ही बारीक काडी गर्भ राहू न देणारं औषध थेंबाथेंबाने रक्तात सोडायची, रक्त चाखायची आणि गिरणीच्या औषधखिडकीला सगळं कळवायची. कुणाला कुठली गोळी द्यायची ते खिडकीच ठरवायची. मध्ये माणूस नाहीच. शी!

गिरणीतल्या मैना कोळेकरला क्षय झाला, तेव्हा तिने लेकीला बहिणीकडे ठेवलं. खिडकीच्या गोळ्या सुरू झाल्या, लघवी नारिंगी होऊ लागली. तीन महिन्यांनी तो रंग गेला. रंग गेला म्हणजे रोग धुऊन निघाला, असं गिरणीतल्या बायका ठामपणे सांगत. मैनाने पेढे वाटले, लेकीला घरी आणलं. दीड महिन्यात खोकला परतला, तशी ती गावातल्या डॉ. दमयंती नाईकनवरेंकडे आली.

"अगं, तो रंग रोगाचा नव्हता, औषधाचा होता," डॉक्टर म्हणाल्या. "औषध बंद झालं म्हणून गेला."

"बंद कसं? रोज चार गोळ्या गिळतेय की!"

डॉक्टरांनी गोळ्या यंत्रात तपासल्या. क्षयाची मुख्य गोळी गायब, तिच्या जागी तशीच दिसणारी जीवनसत्त्वाची.

"क्षयाच्या त्या गोळीने यकृत चेकाळतं. समोर येईल ते औषध भराभर फोडतं, कळीचंसुद्धा."

"पण गोळी पोटात, कळी दंडात. त्यांची गाठ पडेलच कशी?"

"दोन्ही शेवटी रक्तात उतरतात, आणि रक्त यकृतातून फिरतं. गर्भाशयात बसवायची कळी असती तर तिचं काम तिथल्या तिथे झालं असतं, यकृताची फारशी आडकाठी नाही. पण ती चहाड्या करत नाही ना, म्हणून गिरणीला नको. तुझी कळी दुबळी पडली, तशी खिडकीने ती गोळीच काढून टाकली."

डॉक्टरांनी गिरणीच्या साहेबाला फोन लावला. तो सुपारी चघळत म्हणाला, "मॅडम, खिडकीला आम्ही एवढंच सांगितलंय, गर्भ राहता कामा नये. राहिला का? नाही ना? मग बिघडलं कुठे?"

"थू तुमच्या जिनगानीवर!" डॉक्टरांनी फोन आपटला.

मैनाने बाही वर सारली. "काढा ही घाण. नोकरी गेली चुलीत."

डॉक्टरांनी कापूस भिजवला.

"आणि बाई, पोरीलाही बघा. बाहेर बसवलीय. रोज माझ्याच कुशीत झोपते. आठ दिवस झाले खोकतेय, मी म्हटलं, थंडी बाधली असेल."